उगवतीकडे पाय

ऑर्फाच्या आंबवलेल्या शेंगा आमच्याकडे सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. घेवड्याच्या कोवळ्या शेंगा, मीठ, पाणी, मातीची उंच बरणी आणि वर दडपायला एक चपटा दगड; यात वेगळं ते काय असणार? पण तशी चव दुसऱ्या कोणाच्या बरणीला आली नाही. मी पार्कच्या खानावळीत स्वयंपाकाला होते. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी घमेली भरभरून रांधायचे, तरी स्वतःच्या जेवणासाठी ऑर्फाकडून वाटीभर शेंगा मागून आणायचे.

"दगड चांगला आहे," ती म्हणायची. "ओढ्यातला. आईच्या वेळचा."

तो दगड कसला होता हे कळल्यानंतरही मी त्या शेंगा खाल्ल्या. इतकी वर्षं पोटात गेलेलं थोडंच परत काढता येतं?

ऑर्फा रकर पार्कात झाडलोट करायची. तळ्याकाठच्या तंबूंच्या जागा, लाकडी खोल्या, मांस भाजायच्या दगडी चुली, सगळं तिच्याकडे. टेनेसीच्या डोंगरात आमचं हे तळं आहे, पण ते देवानं केलेलं नाही. आम्ही लहान असताना तिथं लॉरेल खोरं होतं. चर्च, गिरणी, मक्याची शेतं, आणि डोंगराच्या पोटाशी आमची घरं. धरणवाले आले आणि त्यांनी खोरं विकत घेतलं. पाण्याखाली जाणार होतं ते घेतलंच, काठाला माणसांची वस्ती नको म्हणून वरची जमीनही घेतली. पुढं मंदीच्या दिवसांत सरकारनं बेकार पोरांची पलटण पाठवली. त्या पोरांनी आमच्याच चुलाण्यांचे आणि कुंपणांचे दगड काढून खोल्या बांधल्या, पायवाटा घातल्या. मग राज्यानं फाटकावर पाटी लावली. झालं पार्क. ज्या चढणीनं आमच्या बापांचा घाम काढला ती चढण चढायला शहरातले लोक हौसेनं येऊ लागले. गाड्यांच्या टपावर होड्या बांधून येत, दिवसभर पोहत, मासे धरत, आणि रात्री कापडाच्या घरात झोपत. आम्ही आपल्याच गावात पगारी नोकर झालो. त्याचं फारसं दुःख नव्हतं. पगार वेळेवर यायचा.

तंबूच्या जागांमध्ये नऊ नंबर सगळ्यात देखणा. मोठ्या ओकची सावली, समोर पश्चिमेला उतरत गेलेलं तळं, मागं पूर्वेला टेकडी. जमीन जवळजवळ सपाट, तळ्याकडे किंचित उतार. फाटक उघडलं की लोक आधी नऊ नंबर मागत. आणि एक मुक्काम झाला की बरेच जण काहीतरी कारण सांगून दुसरी जागा मागत.

कारण मला खानावळीतच कळलं. ओहायोचं एक जोडपं नाश्त्याला बसलं होतं. दोघांचे चेहरे लालभडक, डोळे सुजलेले.

"लाथा मारून मारून मला फिरवलंस तू," नवरा म्हणाला.

"मी? अहो, मीसुद्धा उलटीच होते! डोकं उताराला, पाय चढाला. माझं डोकं बघा कसं ठणकतंय. अशी मी आयुष्यात झोपले नाही."

"मग मला कोणी फिरवलं? तुझ्या आईनं?"

"तिला मध्ये आणू नका. ती असती तर तुम्हाला तळ्यातच ढकलून दिलं असतं."

मी हसत हसत त्यांच्या कपात कॉफी ओतली. पुढच्या महिन्यात एक धिप्पाड धर्मोपदेशक मासे धरायला आला. तो एकटाच झोपला होता. त्यानंही डोकं चढाला ठेवलं होतं, कोणीही ठेवील तसं, आणि उठला तो डोकं तळ्याकडे, पाय टेकडीकडे. त्यानं मला फक्त विचारलं, "ताई, इथं पूर्व कुठं?" मी हातातल्या पळीनं टेकडी दाखवली. त्यानं पाव तसाच सोडला आणि सामान बांधलं.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला पाय उगवतीकडे करून पुरतात. शेवटच्या दिवशी उठून बसलं की समोर सूर्य दिसावा म्हणून. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. पण अंडी तव्यावर असताना माणूस असल्या गोष्टींचा विचार करत नाही.

नऊ नंबरची दुसरी तक्रार ऑर्फामुळे होती. उजाडताच ती तिथं खराटा घेऊन हजर. रानातल्या काटक्या बांधून केलेला खराटा, पार्कानं दिलेला झाडू तिला चालत नसे. इतर जागा ती झाडायची, ही जागा ती खरवडायची. गवताचं पातं दिसलं की उपटायची. लोक तंबूचं तोंड उघडून बाहेर बघत तर चारी बाजूंना मातीवर खराट्याचे बारीक, गोल फराटे, आणि माणूस कुठंच नाही. एक बाई तर किंचाळत सुटली.

लॉयल स्टिनेट आमचा रेंजर. पोरगा इथलाच, त्याचे आजोबा टेकडीवरच्या स्मशानात आहेत. त्यानं ऑर्फाला समजावलं.

"मावशी, लोक झोपलेले असताना झाडू नका हो. घाबरतात ते."

"लोक उठायच्या आधीच झाडतात, लॉयल. तुझी आई दुपारी झाडायची का?"

"पण इतकं कशाला? थोडं गवत असलं तर छान दिसतं."

"छान दिसतं?" ऑर्फा त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "तुझ्या आजोबांवर वाढू दे मग. छान दिसेल."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कबरीवर गवत वाढलं तर आमच्याकडे घरच्यांना नावं ठेवतात. दर मे महिन्यात सजावटीचा रविवार असतो. त्या दिवशी गाव सोडून गेलेलेही परत येतात, टेकडीवरच्या कबरी खरवडून बोडक्या करतात, मातीचे उंचवटे सारखे करतात, मेणात बुडवलेली कागदी फुलं ठेवतात, गाणी म्हणतात आणि तिथंच जमिनीवर चादरी अंथरून जेवतात. धरण झालं तेव्हा चर्चमागच्या कबरी उकरून वर टेकडीवर नेल्या होत्या. तेव्हापासून सजावट वर होते. ऑर्फा दरवर्षी ढीगभर फुलं करायची आणि एक फूल घरी परत न्यायची. एवढंच आम्हाला दिसायचं.

तिच्याबद्दल गावात बोलणं व्हायचं. तिचा नवरा व्हर्लिन डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात लागला. "चल," म्हणाला, "तिथं नळाला गरम पाणी येतं." ती गेली नाही. त्यानं तीन हिवाळे वाट पाहिली आणि दुसरं घर केलं. बायका म्हणायच्या, ऑर्फीला नवऱ्यापेक्षा खराटा प्यारा. मीही म्हटलं असेन.

मग एका एप्रिलमध्ये लॉयल दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आला. मी कणीक मळत होते, ऑर्फा कोपऱ्यात कॉफी पीत होती.

"लूडीमावशी, आनंदाची बातमी," तो मला म्हणाला. "नवी न्हाणीघरं मंजूर झाली. गरम पाणी, फरशी, संडास, सगळं. सजावट झाली की दुसऱ्या दिवशी खणायला सुरुवात."

"कुठं?" मी विचारलं.

"नऊ नंबरवर. तिथं कोणी टिकत नाही, मग ती जागा ठेवायची कशाला?"

"किती खोल खणतात?" ऑर्फानं विचारलं.

"टाकी बसायची ना मावशी, पुरुषभर तरी."

ऑर्फा उठून निघून गेली. कप तसाच टेबलावर राहिला. कप विसळल्याशिवाय ती कधी उठली नव्हती. मी तो विसळला, पण मन काही लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले. ती बरणीपुढं उभी होती. मला बघून तिनं बाही वर केली, खाऱ्या पाण्यात हात घातला आणि दडपणाचा दगड काढून ओट्यावर ठेवला.

"उलटव," ती म्हणाली.

मी उलटवला. खालच्या बाजूला खिळ्यानं कोरलेला, मिठानं झिजलेला एक लहानसा पक्षी होता. दाराला अटकाव म्हणून ती जो लहान दगड लावायची तोही तिनं आणून शेजारी ठेवला.

"हा डोक्याचा, हा पायाचा," ती म्हणाली. "डेल्फीचे. माझी बहीण. नुकती पावलं टाकायला लागली होती."

मी स्टूल ओढून बसले आणि तिनं सगळं सांगितलं.

धरणाच्या आदल्या हिवाळ्यात डेल्फी घटसर्पानं गेली. ओढ्याला पूर होता, पलीकडे चर्चला जाता येईना, म्हणून बापानं घराच्या मागंच पुरली. पुढं कबरी हलवायला माणसं आली. ऑर्फाच्या आईनं स्वतःच्या आईची कबर उघडताना पाहिली. एक कंगवा, दोन बटणं आणि काळी माती. माणसांनी ती फावड्यानं लहान खोक्यात भरली, वर खिळे ठोकले. "माझ्या आईचं इतकंच का उरलं?" तिनं विचारलं. त्या माणसानं टोपी काढली आणि तो पुढच्या कबरीकडे वळला. घरी येऊन तिनं डेल्फीचे दोन्ही दगड उपटले, रजईत गुंडाळून भांड्यांबरोबर गाडीत ठेवले आणि कबर सारखी करून टाकली. पाण्याची रेघ घराच्या खालीच राहणार होती. तिनं हिशेब केला: माणसं जातील, रान होईल, हरणं फिरतील, पोर शांत झोपेल.

"मौजेखातर कोणी घर सोडून जमिनीवर झोपायला येईल," ऑर्फा म्हणाली, "हे आईच्या स्वप्नातही आलं नाही गं. स्वप्नातही नाही."

मरताना आईनं ऑर्फाकडून वचन घेतलं, डेल्फीला उघडू देऊ नकोस.

"मग व्हर्लिन..." मी म्हटलं.

"तो गरम पाण्याचं सांगत होता," ती म्हणाली. "इथं पोरीच्या अंगावर लोक तंबूचे खुंटे ठोकत होते."

"लॉयलला सांग."

"सांगितलं की वर नेतील. खोक्यात भरून. नाही सांगितलं तर यंत्र येईल आणि तिच्यावर संडास बांधतील." तिनं दगडाचं पाणी पदराला पुसावं तसं एप्रनला पुसलं. "आणि दगड परत ठेवावेत तर कुठं? मी आठ वर्षांची होते. घर पाडलं, खुणेचं झाड तोडलं, जमीन यंत्रानं सपाट केली. ती नऊ नंबरवर आहे एवढंच माहीत आहे. म्हणून तर सगळंच झाडते."

मी तिला हाताला धरून लॉयलकडे नेलं. तो ऐकून घेईपर्यंत उभाच होता.

"मावशी, मला कबर सापडली तर मला वर कळवावं लागेल," तो शेवटी म्हणाला. "ते हलवायला माणसं पाठवतील. पण जिथं दगड आहेत, फुलं आहेत, नात्याची माणसं दरवर्षी येऊन जेवतात, ती कबर सापडत नाही. ती असतेच. तिला घरच्यांच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही." मग तो खाली बघत म्हणाला, "पण जागा नेमकी हवी. तुम्ही दगड इथं लावाल, न्हाणीघर मी चार हात पलीकडे सरकवीन, आणि ती नेमकी तिथं निघाली तर?"

सजावटीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, ऑर्फा आईची रजई घेऊन नऊ नंबरवर आली. जागेला दोर लावून ती बंद केलेली होती. तिनं सकाळीच सगळं झाडून ठेवलं होतं, फराट्यांवर पाखराचंही पाऊल नव्हतं. मी तिच्या मागोमाग उद्याच्या शेंगांची टोपली घेऊन आले.

"लोकांना ती फिरवते," ऑर्फा म्हणाली. "मला फिरवेल की नाही बघू. तू बस. माझ्यावर नजर ठेव."

"ऑर्फी, मला हे काही बरं वाटत नाही."

"तुला काय करायचंय? शेंगा निवड."

दोराच्या कडेला तिनं रजई अंथरली, डोकं चढाला, पाय तळ्याकडे, आणि आडवी झाली. दुपारी डोळा लागणारी बाई ती नव्हती, पण टेकली आणि झोपली. मी ओकच्या मुळावर बसून शेंगांच्या शिरा काढू लागले. तळं स्थिर होतं. पलीकडे पोरं पाण्यात उड्या मारत होती, त्यांच्या किंकाळ्या जरा उशिरानं ऐकू येत होत्या. कुठूनतरी भाजलेल्या मांसाचा वास येत होता. एक मोटारबोट काठाजवळून गेली. तिच्या लाटा काठावर फुटेपर्यंत मी तिकडे पाहिलं, मग खाली पाहून एक शेंग मोडली. तिच्यात कीड निघाली म्हणून फेकली. एवढंच.

मान वर केली तर रजई रिकामी.

ऑर्फा तिथून दहा-बारा हात लांब, ओकच्या या बाजूला, नुसत्या मातीवर झोपली होती. डोकं उताराला, पाय टेकडीकडे. कुशीवर वळलेली, गुडघे जरा मुडपलेले, एक हात पुढं मोकळा पसरलेला, लेकरू घेऊन झोपतात तसा. रजईला सुरकुती नव्हती. आणि रजईपासून तिच्यापर्यंतच्या मातीवर खराट्याचे फराटे जसेच्या तसे होते. एकही मोडला नव्हता.

मी उठले. टोपली मांडीवरून कधी पडली ते कळलं नाही. ती शेंगा सांडण्याच्या आवाजानं जागी झाली, पण लगेच उठली नाही. तो पसरलेला हात तिनं हळूच काढून घेतला, झोपलेल्या पोराच्या मानेखालून काढतात तसा.

"लॉयलला बोलाव," ती म्हणाली. "इथून मी हलत नाही."

लॉयलनं लोखंडी गज आणला. आधी चार-पाच ठिकाणी इकडेतिकडे टोचून पाहिला. वीतभर गेला की टणक मुरुम लागायचा, हाताला झिणझिण्या यायच्या. मग ऑर्फाच्या हाताशी टोचला. गज ताकात रवी जावी तसा आत गेला. त्यानं तो लगेच सोडून दिला आणि टोपी काढली.  दोन्ही दगड आम्ही तिघांनी उभे केले, मध्ये मातीचा उंचवटा केला. पक्ष्याचा दगड खाली तळ्याच्या बाजूला, लहान दगड टेकडीच्या बाजूला. दगडाला अजून आंबलेल्या मिठाचा वास होता.

रविवारी टेकडीवर कबरी सजल्या, गाणी झाली, आणि चादरी अंथरायच्या वेळी ऑर्फा उभी राहिली.

"आज जेवण खाली आहे," ती म्हणाली. "नऊ नंबरवर."

"का गं? तिथं मुंग्या असतात," कोणीतरी म्हणालं.

"तुझ्या डुकराच्या मांसाला मुंग्याही येणार नाहीत, झेटी. चल."

सगळे पातेली घेऊन खाली उतरले. म्हाताऱ्यांनी ते दोन दगड पाहिले आणि चादरी तिथंच अंथरल्या. झेटीनं आपल्या आईच्या कबरीसाठी आणलेलं जास्तीचं फूल पिशवीतून काढून ठेवलं. मग दुसरीनं ठेवलं. पोहण्याच्या कपड्यांतले पर्यटक टॉवेल गुंडाळून लांब उभे राहून बघत होते. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांच्यातल्या एकानं रेडिओ बंद केला.

सोमवारी यंत्र घेऊन साहेब आला. दगड, उंचवटा, फुलांचा ढीग बघून त्यानं लॉयलला विचारलं, "हे काय नवीन?"

"नवीन काही नाही," लॉयल म्हणाला. "गावातल्या कोणालाही विचारा. पहिल्यापासून आहे."

न्हाणीघरं पार्कच्या दुसऱ्या टोकाला झाली. नऊ नंबरची पाटी निघाली, तिथं कुंपण आलं. आता आठनंतर दहा येतो. आठवर आणि दहावर लोक सुखानं झोपतात, जसे झोपतात तसेच उठतात.

ऑर्फानं बरणीत ओढ्यातला दुसरा दगड ठेवला. शेंगा बुळबुळीत झाल्या. तिनं दगड बदलला, मीठ बदललं, मग बरणीच मला देऊन टाकली. तिला झोप येईनाशी झाली होती.

"इतकी वर्षं ती मला उठवायची," ती म्हणाली. "आता उठवत नाही. शांत झाली असेल. मग मला असं का गं वाटतं?"

शेवटच्या आजारात तिनं लॉयलला विचारलं, मला तिच्याजवळ ठेवशील का. तो तिच्या खाटेशी बसून रडला. पार्कात नवी कबर करता येत नाही, ते त्याच्या हातात नव्हतं. आम्ही तिला टेकडीवर नेलं, आईशेजारी, पाय उगवतीकडे. तिथले सगळे दगड उगवतीकडे तोंड करून आहेत. तिचाही तसाच लावला, लॉयलनं दोरी धरून लावला.

पहिल्या सजावटीला गेलो तर तिचा दगड वळलेला होता. त्याची पाठ उगवतीकडे आणि तोंड तळ्याकडे, नऊ नंबरकडे. लॉयलनं पहार लावून तो सरळ केला, माती ठोकून घट्ट केली. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

"हिवाळ्यात दंवानं माती फुगते, मावशी," तो म्हणाला. "दगड हलतात."

"इतरांच्या दगडांखाली दंव पडत नाही का रे?"

त्यानं ताट पुढं केलं. "शेंगा वाढा," म्हणाला. मी वाढल्या. माझ्याच बरणीच्या, बऱ्या होत्या.

या मे महिन्यात आम्ही कबर खरवडली, फुलं ठेवली. दगड तळ्याकडे बघत होता. त्याच्या पायाशी वाऱ्यानं आणलेलं पान पडलं होतं, ते मी उचललं. मग मी लॉयलच्या हाताकडे पाहिलं. या खेपेला त्यानं पहार आणलीच नव्हती.